‘ते लोक असं मानतात म्हणे’: दुसऱ्या मंडळीबद्दल ऐकलेल्या गोष्टीची शहानिशा कशी करावी

कॅथलिकांनी दहा आज्ञांमधली दुसरी आज्ञाच उडवली. प्रोटेस्टंटांनी बायबलमधली सात पुस्तकं काढून टाकली. जुन्या मिशनच्या मंडळ्यांत आता विश्वास उरला नाही, नुसते जमिनींचे दावे. पेंटेकॉस्टलवाले पैसे देऊन माणसं जमवतात. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या पट्ट्यात वाढलेल्या ख्रिस्ती माणसाने यातली निदान दोन वाक्यं लहानपणीच ऐकलेली असतात, आणि कुठली दोन ऐकली यावरून त्याचं घर कुठल्या मंडळीचं, म्हणजे कुठल्या चर्चचं, ते ओळखता येतं.

माझं माहेर जुन्या अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे आता सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. धाकटी जाऊ कॅथलिक घरातून आलेली. भाचा पुण्याला एका स्वतंत्र मंडळीत गिटार वाजवतो. नाताळचं जेवण आमच्याकडे असलं की एका पंगतीला तीन मंडळ्या बसतात आणि भात वाढेपर्यंत कुणीतरी कुणाला तरी टोमणा मारतंच. गावात तिन्हीकडच्या लोकांचा मिळून बायबल अभ्यास चालतो, त्याची व्यवस्था मी बघते. ऐक्यावर आपल्याकडे भाषणं भरपूर होतात. कानावर आलेली गोष्ट खरी की खोटी हे तपासायचं कसं, ते मात्र कुणी सांगत नाही. आम्ही त्यासाठी एक पद्धत बसवली आहे, तीच इथे मांडते.

आधी वाक्य कागदावर उतरवा

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहून काढा. ‘कॅथलिक लोक मरीयेची पूजा करतात’, ‘त्या मंडळीत बाप्तिस्मा पुन्हा देतात’, जे असेल ते. मग त्याच्यापुढे एक गोष्ट ठरवून लिहा: हा आरोप त्यांच्या शिकवणीवर आहे, त्यांच्या लोकांच्या वागण्यावर आहे, की एका माणसावर आहे?

कारण तिन्ही गोष्टी तपासायच्या जागा वेगळ्या. शिकवण असेल तर त्यांचं स्वतःचं पुस्तक उघडावं लागतं. वागणं असेल तर जाऊन बघावं लागतं. एका माणसाचं असेल तर त्या माणसाला विचारावं लागतं. निम्मी भांडणं याच ठिकाणी होतात. कुण्या एका पाळकाने कधीतरी व्यासपीठावरून काहीतरी म्हटलेलं असतं आणि ते ‘त्यांची शिकवण’ म्हणून तालुकाभर फिरतं. वडाची साल पिंपळाला लावायची सवय आपल्याला एरवीही आहेच.

‘पैसे देऊन माणसं जमवतात’ हे वाक्य या पायरीवर सहसा गळून पडतं. कुणी दिले, कुणाला दिले, कधी आणि किती, हे विचारलं की सांगणारा म्हणतो, सगळ्यांना माहीत आहे. मग ते वाक्य तिथेच सोडायचं. हाच आरोप बाहेरचे लोक आपल्या सगळ्यांवर सरसकट करतात तेव्हा आपल्याला केवढा राग येतो, हेही जरा आठवावं.

दुसरी आज्ञा खरंच काढली का?

तपासणी कशी करायची ते एका उदाहरणावरून नीट बघू, कारण हा आरोप आमच्या गटात फार वेळा येतो. सोबत एक चित्र असतं. डाव्या बाजूला ‘बायबलमधल्या दहा आज्ञा’, उजव्या बाजूला ‘कॅथलिकांच्या दहा आज्ञा’. उजवीकडे ‘कोरीव मूर्ती करू नकोस’ ही ओळ नाही, आणि दहाचा आकडा भरायला शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन तुकडे केलेले. बघणाऱ्याला वाटतं, चोरी पकडली.

पहिलं काम, कॅथलिक घरातलं बायबल मागून घ्या आणि निर्गम २० उघडा. कोरीव मूर्तीचं वचन तिथे पूर्ण आहे. अनुवाद ५ उघडा, तिथेही आहे. म्हणजे बायबलमधून काही काढलेलं नाही, इथवरची गोष्ट पाच मिनिटांत संपते.

दुसरं काम, आकडे शोधा. मूळ मजकुरात पहिली, दुसरी, तिसरी असे आकडे नाहीतच. दहा वचनं असल्याचा उल्लेख निर्गम ३४:२८ मध्ये येतो, पण कुठलं वचन कितवं, हे शास्त्र सांगत नाही. त्यामुळे मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या पडल्या. ज्यू लोक ‘मी परमेश्वर तुझा देव आहे’ यालाच पहिलं वचन धरतात. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि आमच्यासारखे रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतले लोक ‘अन्य देव नकोत’ आणि ‘मूर्ती नको’ यांना दोन धरतात व लोभाला एक. संत ऑगस्टीनच्या मोजणीत पहिली दोन मिळून एक होते आणि लोभाच्या दोन होतात, शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ वेगळा आणि मालमत्तेचा वेगळा. अनुवाद ५:२१ मध्ये बायकोचा उल्लेख आधी आणि स्वतंत्र आहे, त्याला धरून. कॅथलिक ही मोजणी वापरतात. आणि लुथरन? तेही हीच वापरतात. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने १५२९ साली मुलांसाठी लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीतही मूर्तीचं वाक्य वेगळी आज्ञा म्हणून येत नाही. म्हणजे ही चोरी असेल तर लूथर सहआरोपी आहे. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा दोन्ही बाजू एकदम गप्प झाल्या आणि मग हसल्या.

तिसरं काम जास्त महत्त्वाचं. आरोप गळून पडला, आता खाली काय उरतं ते बघा. उरतो तो खरा प्रश्न: देवळात मूर्ती आणि चित्रं ठेवावीत का? कॅथलिक प्रश्नोत्तरीत, म्हणजे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅटेकिझम’मध्ये, याचं उत्तर आहे. परिच्छेद २१२९ ते २१३२ वाचा. त्यांचं म्हणणं असं की देव ख्रिस्तामध्ये देहधारी झाला, दिसू लागला, म्हणून त्याची प्रतिमा करता येते. मूर्तीला दिलेला मान मूर्तीपाशी थांबत नाही, ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्याकडे जातो. आणि या बाबतीत ते ७८७ सालच्या निकैयाच्या दुसऱ्या परिषदेचा आधार घेतात. मला हे पटत नाही. माझ्या लहानपणच्या चर्चमध्ये भिंतीवर वचनं होती, चित्रं नव्हती, आणि मला अजून तसंच बरं वाटतं. पण आता आम्ही कशावरून भांडतोय ते दोघांनाही माहीत आहे. ‘तुम्ही आज्ञा चोरली’ यावर बोलणं पुढे जात नाही. ‘देहधारणेमुळे प्रतिमेची बंदी बदलते का’ यावर एक अख्खी संध्याकाळ जाते आणि चहा दोनदा होतो.

सात पुस्तकांचंही असंच आहे, फक्त बाजू उलटी. तोबित, यहूदिथ, मक्काबी वगैरे पुस्तकं लूथरने फाडून फेकली नव्हती. त्याच्या १५३४ सालच्या संपूर्ण जर्मन बायबलमध्ये ती आहेत, जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये वेगळी ठेवलेली, आणि वर शेरा की शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत पण वाचायला चांगली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही होती. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ मध्ये ती छापायची नाहीत असं ठरवलं, आणि आपल्या हातात आलं ते त्या परंपरेतलं मराठी पवित्र शास्त्र. आमच्या आज्जीने ती पुस्तकं कधी बघितलीच नाहीत, मग काढून टाकणार कुठून?

कुणाला विचारायचं

मंडळी सोडून आलेल्या माणसाला पहिल्यांदा विचारू नका. त्याचं दुःख खरं असेल, ते ऐकून घ्यावं, पण ती त्याची हकिकत आहे. सासर सोडून आलेल्या बाईकडून त्या घराचा इतिहास लिहून घेतला तर तो एकांगी होणार, तसंच हे. शिकवण विचारायची तर फादरांना किंवा पाळकांना विचारा. रोजच्या भक्तीबद्दल विचारायचं तर त्या मंडळीतल्या एखाद्या जुन्या, नेमाने येणाऱ्या बाईला विचारा. तिला ग्रंथ पाठ नसतील, पण आपण काय करतो आणि का करतो हे ती सरळ सांगते.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. ‘तुम्ही मरीयेला देव का मानता?’ हा प्रश्न नाही, आरोपपत्र आहे. त्याऐवजी विचारा, ‘तिथे गेल्यावर तुम्ही नेमकं काय म्हणता?’ किंवा ‘यातून तुम्हाला काय मिळतं?’

हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरीयेची, यात्रा सप्टेंबरात भरते, आमच्यापासून अगदी जवळ. जाऊबाई दरवर्षी जाते. एकदा ती पिशवी भरत असताना मी विचारलं, ‘तिथे उभी राहून तू मरीयेला काय सांगतेस?’

ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही आजारी पडलात की पाळकसाहेबांना फोन करता ना, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून? तसंच सांगते.’

मी म्हटलं, ‘अगं, पाळकसाहेब जिवंत आहेत.’

‘मग मरीया मेली का?’

यावर मी काही बोलले नाही, पण मुद्दा कुठे आहे ते लख्ख दिसलं. ती मरीयेला देव मानत नव्हती. आमच्यातला फरक इथे होता: जे ख्रिस्तात निजले ते आपलं ऐकतात का, आणि त्यांना विनंती करावी का? तिची मंडळी हो म्हणते. मी १ तीमथ्य २:५ धरून बसते, देव आणि माणसं यांच्यामध्ये एकच मध्यस्थ. ती म्हणते, मग पाळकांना तरी प्रार्थना का सांगता? हे आमचं अजून चालू आहे. यात्रेचा प्रसाद मात्र मी खाते.

जाऊन बसा

निदान एकदा त्यांच्या उपासनेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसा. अर्धी उपासना बघून आलेला माणूस सगळ्यात जास्त बोलतो, असा माझा अनुभव आहे.

मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गेलात तर मधल्या रांगेत बसा, म्हणजे पुढच्यांचं बघून उठता-बसता येतं. गुडघे टेकायचे नसतील तर शांत बसून राहिलं तरी चालतं. ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत जाऊ नका. कॅथलिक मंडळी एरवी तो आपल्या पूर्ण सहभागितेतल्या लोकांनाच देते. यात तुमचा अपमान नाही. त्यांच्या मते प्रसाद घेणं म्हणजे ऐक्य झालं असं जाहीर करणं, आणि ते अजून झालेलं नाही. आमच्याकडची माणसं इथे दुखावतात. पण नीट पाहिलं तर ही भूमिका प्रामाणिक आहे: नसलेलं ऐक्य आहे असं दाखवायचं नाही. आमच्या प्रभुभोजनाला, म्हणजे आमच्याकडच्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, कॅथलिक पाहुणा आला तर त्यालाही आग्रह करू नका. त्याच्या मंडळीची त्याला मोकळीक नसते, उगाच त्याला अवघडल्यासारखं होतं.

पेंटेकॉस्टल सभेला गेलात तर एक तयारी ठेवा. ‘आज पहिल्यांदा कोण आलंय, हात वर करा’ असं विचारतात, टाळ्या वाजतात, कधी पुढे बोलावतात. आवाज मोठा असतो, सगळे एकदम प्रार्थना करतात, कुणी रडतं. आमच्या जुन्या मंडळीतले लोक घरी येऊन म्हणतात, हा काय तमाशा, हे सगळं टीव्हीवरून बाहेरून आलंय. इथे इतिहासाच्या बाईला गप्प बसवत नाही. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे जागृतीचं वारं आलं, त्यात मुली तासन् तास एकत्र मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, रडत होत्या. तेव्हाही लोकांनी नावं ठेवली होती. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन मंडळीत झालेला. शांत, छापील उपासना त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. म्हणजे दौंडजवळच्या केडगावात हे सव्वाशे वर्षांपूर्वीच घडून गेलंय.

आणि उलट बाजूने, भाच्यासारख्या मुलांना आमची उपासना मेलेली वाटते. पुस्तकातून वाचलेली प्रार्थना मनापासून नसते, असं त्यांचं गृहीत. त्यांना मी हन्नाची गोष्ट वाचायला देते, १ शमुवेल १. ती मुकाट्याने ओठ हलवत प्रार्थना करत होती आणि एली याजकाने ठरवलं की ही प्यालेली आहे. नुसते ओठ बघून. मग प्रेषितांची कृत्ये २ वाचा, तिथे मोठ्याने बोलणाऱ्यांनाही लोक प्यालेलेच म्हणाले. गप्प राहिलं तरी तेच, बोललं तरी तेच.

यार्देनेकाठची वेदी

ही पद्धत आम्ही कुठून उचलली असं कुणी विचारलं तर मी यहोशवा २२ दाखवते. रविवारच्या शाळेत हा अध्याय फारसा शिकवत नाहीत, का कोण जाणे.

इस्राएलचे पूर्वेकडचे अडीच वंश, रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश, बाकीच्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले. यहोशवाने त्यांना आशीर्वाद देऊन घरी पाठवलं. त्याच अध्यायात, जाता जाता त्यांनी यार्देनेकाठी एक भली मोठी वेदी बांधली. पश्चिमेकडे बातमी गेली. अर्थ सरळ होता: यांनी वेगळी उपासना सुरू केली, परमेश्वराला सोडलं. सगळे शिलोला जमले, लढाईची तयारी झाली.

पण हल्ल्याआधी त्यांनी माणसं पाठवली. एलाजाराचा मुलगा फिनहास आणि दहा सरदार. फिनहास म्हणजे गणना २५ मधला, ज्याने मूर्तिपूजेच्या प्रकरणात हातात भाला घेतला होता. सगळ्यात कडक माणूस विचारपूस करायला पाठवला, म्हणजे ‘हे मऊ पडले’ असं मागे कुणी म्हणू शकणार नाही. त्याने आरोप तोंडावर मांडला, आडून बोलला नाही. आणि १९ व्या वचनात एक गोष्ट सांगितली जी मला फार आवडते: तुमचा मुलूख अशुद्ध वाटत असेल तर इकडे या, आमच्या वतनात वाटा घ्या. चूक दाखवायला गेलेला माणूस स्वतःची जमीन द्यायला तयार आहे.

उत्तर काय आलं? ही वेदी बळी द्यायला नाहीच. उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणतील, यार्देन मध्ये आहे, तुमचा आणि परमेश्वराचा काय संबंध? तेव्हा दाखवायला साक्ष म्हणून बांधली. ज्या वेदीमुळे फूट पडली असं वाटलं, ती फूट पडू नये म्हणूनच उभी केलेली होती. फिनहासाने ऐकलं, पटलं, परत जाऊन तसंच सांगितलं. हे शेवटचं काम लोक विसरतात. खरं कळल्यावर ते आपल्या लोकांना येऊन सांगावं लागतं, आणि आपल्याच लोकांत ते सांगणं जास्त अवघड असतं.

सोळाव्या शतकात एकमेकांवर तुटून पडलेल्या तिन्ही बाजूंच्या पुस्तकांतही हाच नियम आहे. लूथरच्या त्याच लहान प्रश्नोत्तरीत खोट्या साक्षीच्या आज्ञेखाली लिहिलंय की शेजाऱ्याच्या कृतीचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा. रिफॉर्म्ड मंडळींच्या १५६३ सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, प्रश्न ११२, कुणालाही त्याचं न ऐकता, घाईने दोषी ठरवण्यात सामील होऊ नये असं आहे. आणि कॅथलिकांतल्या जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांच्या १५४८ मध्ये छापलेल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात सुरुवातीलाच म्हटलंय की दुसऱ्याचं म्हणणं खोडण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावायला तयार असावं. लागत नसेल तर त्याला काय म्हणायचंय ते विचारावं. चुकत असेल तर प्रेमाने सुधारावं. तिघांनी नियम लिहिला, एकमेकांच्या बाबतीत किती पाळला ते इतिहासात दिसतंच. आम्ही ही तिन्ही वाक्यं एका कागदावर मराठीत लिहून बैठकीच्या खोलीत लावली आहेत, खाली नावं न देता. नवीन माणसाला विचारतो, यातलं तुमच्या मंडळीचं कुठलं? बहुतेकांना ओळखता येत नाही.

त्यांच्याच तोंडून ‘बरोबर’ वदवा

वाचलं, विचारलं, जाऊन बसलात. आता त्यांची शिकवण तुमच्या शब्दांत त्यांच्याचसमोर सांगा. त्यांनी मान डोलावून ‘हो, आमचं हेच म्हणणं आहे’ म्हटलं तरच पुढे मतभेद मांडा. ते म्हणाले ‘तसं नाही हो’, तर परत पहिल्यापासून.

वेळ लागतो. कॅथलिक आणि लुथरन यांनी विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्गला संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. काम असंच झालं होतं: तुमचं म्हणणं आम्ही असं समजतो, बरोबर का? त्यातून निघालं की सोळाव्या शतकात एकमेकांना दिलेले शाप, आज या जाहीरनाम्यात मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. उरलेले फरक जाहीरनाम्यात लपवलेले नाहीत, लिहिलेले आहेत.

आपल्या जवळचं उदाहरण बाप्तिस्म्याचं. बाळाला द्यायचा की मोठेपणी विश्वास कबूल केल्यावर? उत्तर भारतातल्या मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी १९२९ ला सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकनही होते आणि तो न मानणारे बॅप्टिस्टही. तोडगा असा की दोन्ही पद्धती मंडळीत राहतील. अमेरिकन परंपरेतली मेथडिस्ट मंडळी मात्र ऐन वेळी बाहेर राहिली, तेही सांगायला हवं. चाळीस वर्षं बोलून सगळे आले नाहीत. तुमच्या गावात दोन बैठकांत काही झालं नाही तर इतकं वाईट वाटून घेऊ नका.

लग्नाच्या वेळी हा प्रश्न घरात शिरतो, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. सीएनआयमधला मुलगा आणि कॅथलिक मुलगी असेल तर ‘त्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावतील’ अशी आवई उठते. पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक मंडळी मानते; तो पुन्हा देत नाही. दाखला जपून ठेवा आणि लग्नाची तारीख ठरवण्याआधी दोन्हीकडे जाऊन विचारा, कारण त्यांच्या बाजूने परवानगीची कागदपत्रं लागतात. बॅप्टिस्ट किंवा पेंटेकॉस्टल मंडळीत बाळपणीचा बाप्तिस्मा सहसा धरत नाहीत, आणि त्यांच्या दृष्टीने ते ‘पुन्हा’ देणं नव्हेच. हा फरक खरा आहे आणि दुखतो. तो गोड बोलून नाहीसा होणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर काय लिहायचं

वडीलधाऱ्यांच्या ग्रुपवर ‘हे खोटं आहे’ असं टाकलं की विषय मानापमानाचा होतो. मी इतकंच लिहिते: ‘काका, हे त्यांच्या स्वतःच्या पुस्तकात कुठे आहे ते मिळालं का? मिळालं तर पाठवा, मी वाचून सांगते.’ बहुतेक वेळा तिथेच थांबतं. पुढे कुणी खरंच संदर्भ पाठवला, तर तो पूर्ण परिच्छेद वाचा, फक्त लाल रेघ मारलेली ओळ नव्हे. आणि फॉरवर्ड तुमच्या बाजूचा असेल, म्हणजे दुसऱ्यांची मस्त जिरवणारा, तर तो एक रात्र तसाच राहू द्या.

एक गोष्ट यात बसत नाही

चांगला अर्थ लावा हा नियम शिकवणीसाठी आणि भक्तीसाठी आहे. पैशांची अफरातफर, मुलाबाळांवरचा अत्याचार, बायकांना दिलेला त्रास यांच्यावर पांघरूण घालायला तो वापरू नका. मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोघा-तिघा साक्षीदारांवाचून घेऊ नये असं १ तीमथ्य ५:१९ मध्ये आहे, पण लगेच पुढचं वचन म्हणतं की पाप करणाऱ्याला सर्वांसमोर दोष लावावा. पुढचं वचन वाचायचं सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत. मुलांच्या बाबतीत तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आपल्यात फूट पडेल’ हे कारण तिथे चालत नाही. इथेही ऐकीव गोष्ट पसरवू नका, पण शहानिशा करायची ती पोलिसांनी, मंडळीच्या पंचांनी नव्हे.

जानेवारीतला आठवडा

सुरुवात करायची तर १८ ते २५ जानेवारी हा काळ बरा. १९०८ पासून हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा पाळतात, आणि १९६८ पासून त्याचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक मंडळी परिषद मिळून तयार करतात, त्यामुळे ‘हे त्यांचं आहे’ असं कुणाला म्हणता येत नाही. २६ तारखेच्या झेंडावंदनाच्या तालमीत शिक्षक आणि मुलं अडकलेली असतात, म्हणून सभा आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा.

एकत्र काय करावं यावर स्वीडनमधल्या लुंड इथे १९५२ मध्ये झालेल्या परिषदेचं एक सूत्र कामाला येतं: जिथे मनापासूनचा मतभेद वेगळं वागायला भाग पाडतो तेवढं सोडून बाकी सगळं मिळून करावं. म्हणून प्रभुभोजन ठेवू नका. शास्त्रवाचन, प्रभूची प्रार्थना आणि ना. वा. टिळकांची भजनं ठेवा. आमच्याकडे टिळकांवर तिन्ही बाजू हक्क सांगतात आणि पेटीवाला कुठलाही असला तरी चाल सगळ्यांना येते. वक्त्यांना ‘ऐक्य’ हा विषय देऊ नका, सगळे तेच ते बोलतात. त्याऐवजी पाळकांना सांगा, कॅथलिक लोक मिस्सा का महत्त्वाची मानतात ते दहा मिनिटांत सांगा. फादरांना सांगा, प्रोटेस्टंट उपदेशाला इतकं का धरून असतात ते सांगा. आधी एकमेकांना दाखवून घ्यायचं, चुकलं तर तिथेच दुरुस्त. स्वतंत्र मंडळीच्या भाऊंना मात्र घड्याळ समोर ठेवून बोलायला लावा.

चहा तिन्ही मंडळ्यांच्या बायकांनी मिळून करावा आणि कपबशा पुरुषांनी धुवाव्यात. शेजारी उभं राहून कपबश्या धुताना बरंच बोलणं होतं. आणि सभा साडेसातच्या आत आटपा, नाहीतर खेड्यातून आलेल्यांची शेवटची एसटी चुकते आणि पुढच्या वर्षी ते येत नाहीत.